‘गोल्ड’ इमारतीची गुणपत्रिका: ग्रीन बिल्डिंगच्या दाखल्यात काय असतं आणि नाशिककरानं काय विचारावं

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव. नाशिकच्या कुठल्याही टोकाला जा, नव्या प्रकल्पाच्या होर्डिंगवर क्लब हाऊस आणि जिमच्या जोडीला आता एक हिरवं पानही दिसतं. त्याखाली ‘ग्रीन बिल्डिंग’, ‘प्री-सर्टिफाइड गोल्ड’, ‘प्लॅटिनम रेटेड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. साइट ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘सर, सोलर आहे, रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, गार्डन आहे.’’ ऐकायला बरं वाटतं. पण यातलं बरंचसं नियमानुसार तसंही करावंच लागतं. उदाहरणार्थ, ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार सक्तीची आहे. मग ‘गोल्ड’ नेमकं कशाबद्दल मिळालं? कुणी दिलं? आणि त्यानं आपल्या घरात मे महिन्यात काय फरक पडतो?

सिंहस्थाच्या निमित्तानं शहराभोवती कामांना वेग आला आहे, नवे रस्ते होतील तिथे नव्या इमारती येणारच. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना हे हिरवं पान वाचता यायला हवं, एवढ्यासाठी हा लेख.

हा दाखला कशाचा?

कुठलीही इमारत निसर्गाकडून दोन वेळा घेते. एकदा बांधताना: सिमेंट, लोखंड, विटा, वाळू, पाणी. आणि नंतर पुढची पन्नास-साठ वर्षं, रोज: वीज आणि पाणी. जगभरातल्या कार्बन उत्सर्जनात इमारती आणि बांधकामाचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. एकट्या सिमेंटचं उदाहरण पाहा. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीला कोळशाऐवजी उद्या सौरऊर्जा वापरली तरी हा वायू सुटणारच, कारण तो इंधनातला नसून दगडातलाच आहे. म्हणून ‘सिमेंट कमी कसं लागेल’ हा प्रश्न ‘दिवे एलईडी आहेत का’ याच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

बांधताना आणि वापरताना निसर्गावरचा भार कमी व्हावा आणि आत राहणाऱ्याला उजेड, हवा, आरोग्य मिळावं, अशा पद्धतीनं केलेली इमारत म्हणजे ग्रीन बिल्डिंग. ती तशी आहे की नाही हे ठरवून गुण देणाऱ्या पद्धतीला मानांकन म्हणतात.

भारतात प्रामुख्यानं चार नावं ऐकू येतात. ‘लीड’ ही अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची पद्धत. ‘आयजीबीसी’ म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. भारतीय उद्योग महासंघानं २००१ मध्ये ती सुरू केली आणि तिचं मुख्यालय हैदराबादेत आहे. तिथल्याच सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीपासून आपल्याकडे या विषयाची खरी चर्चा सुरू झाली. ‘गृह’ ही टेरी ही संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी भारतीय हवामान डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली पद्धत. चौथं ‘एज’, जागतिक बँक समूहातल्या आयएफसीचं. एजची अट समजायला सोपी आहे: नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यात दडलेली ऊर्जा, या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवा.

मानांकन ऐच्छिक असतं. सरकारी संहिता मात्र किमान मर्यादा ठरवते. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. केंद्र संहिता काढतं, ती लागू करणं राज्याच्या हातात असतं.

गुण कसे मिळतात?

लीडमध्ये एकूण ११० गुण असतात. ४० मिळाले की साधा दाखला, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. आयजीबीसीच्या पायऱ्यांचीही नावं हीच. गृहमध्ये एक ते पाच तारे असतात. २५ गुणांपासून एक तारा सुरू होतो आणि पाच ताऱ्यांसाठी किमान ८६ गुण लागतात.

इथेच सगळी मेख आहे. दहावीला ७५ टक्के मिळवलेल्या दोन मुलांच्या गुणपत्रिका समोर ठेवा. एकाला संस्कृतात ९५ आणि गणितात ४५, दुसऱ्याला नेमकं उलट. टक्केवारी तीच, पण इंजिनिअरिंगला पाठवताना आपण गणिताचे मार्क बघतो. इमारतीचं तसंच आहे. बस थांबा जवळ आहे, सायकल ठेवायला जागा आहे, इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जिंग पॉइंट आहे, रंगात घातक रसायनं कमी आहेत, या सगळ्याला गुण आहेत आणि ते असायलाच हवेत. पण एखादी इमारत असे गुण गोळा करून ‘गोल्ड’ला पोहोचली आणि उष्णता रोखण्यात जेमतेम पास झाली, असं होऊ शकतं. प्रत्येक विषयात काही किमान अटी सक्तीच्या असतात, त्यामुळे कुणी पूर्ण नापास होऊन पुढे जात नाही. पण ‘किमान’ आणि ‘चांगलं’ यांतलं अंतर उन्हाळ्यात अंगाला जाणवतं.

दुसरी मेख तारखेची. ‘प्री-सर्टिफाइड’ म्हणजे नकाशे आणि आश्वासनं तपासून दिलेला तात्पुरता दाखला. अंतिम दाखला बांधकाम पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष काय बसवलं ते पाहून मिळतो. होर्डिंगवर बहुतेक वेळा पहिलाच असतो, कारण फ्लॅट विकायचे असतात तेव्हा इमारत उभी राहिलेलीच नसते. यात लबाडी आहे असं नाही. पण परीक्षेचा फॉर्म भरला आणि निकाल लागला यांत फरक असतो, तो आपल्याला ठाऊक असावा.

बिल्डर यात का पडतात?

काहींना मनापासून करायचं असतं. असे लोक नाशिकमध्ये आहेत आणि त्यांचं काम दिसतं. पण व्यवहाराचं कारणही समजून घ्या. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, ती नाशिक महापालिका हद्दीलाही लागू आहे. तिच्यात हरित इमारतींना वाढीव एफएसआय मिळतो. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या मानानं किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण. गृहचे तीन तारे किंवा सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के जादा.

हिशेब करून पाहू. १००० चौरस मीटरचा भूखंड, मूळ एफएसआय १.१, म्हणजे ११०० चौरस मीटर बांधकाम. त्याचे ७ टक्के म्हणजे ७७ चौरस मीटर, सुमारे ८३० चौरस फूट. एक अख्खा फ्लॅट. हा जादा एफएसआय प्री-सर्टिफिकेशनवर मिळतो. इमारत पूर्ण होताना कबूल केलेला दर्जा गाठला नाही तर त्या जादा एफएसआयपोटी रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारी दरपत्रकानुसार, जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. याच नियमावलीनुसार सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक संस्थांच्या इमारतींना किमान तीन तारे किंवा सिल्व्हर सक्तीचं आहे. म्हणजे महापालिकेची नवी इमारत बघताना हा प्रश्न नागरिक म्हणून आपणही विचारू शकतो.

मला ही सवलत योग्य वाटते. समाजाच्या भल्याचं काम करणाऱ्याला चार पैसे मिळाले तर बिघडत नाही. फक्त त्या ८३० चौरस फुटांच्या बदल्यात शहराला काय मिळालं हे कुणीतरी तपासायला हवं, आणि तपासायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे त्या इमारतीत राहायला जाणारा.

नाशिकचं ऊन आणि पश्चिमेची खिडकी

आता घराच्या आत येऊ. फ्लॅट बघायला येणारे दार कुठल्या दिशेला आहे हे हमखास विचारतात. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हे विचारणारा विरळा. उन्हाचा विचार करता खिडकीची दिशा जास्त महत्त्वाची.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो; तोच शून्य सावलीचा दिवस. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळपास येतच नाही. साधा दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. डिसेंबरात उलट होतं. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४६-४७ अंशांवर असतो. तेव्हा त्याच छज्जाखालून चार फुटी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात ऊन शिरतं. नाशिकच्या थंडीत तेच हवं असतं. दक्षिणेची खिडकी आणि तिच्यावर नीट छज्जा ही आपल्या अक्षांशावरची फुकटची वातानुकूलन व्यवस्था आहे.

पश्चिमेचं तसं नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर आणि जवळपास समोर असतो. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी खिडकीचा वरचा फूटभर झाकतो, उरलेल्या तीन फुटांतून ऊन थेट पलंगावर येतं. काच जितकी मोठी तितका त्रास मोठा. हल्ली उंच इमारतींना छज्जेच नसतात, दर्शनी भाग गुळगुळीत दिसावा म्हणून. मग पडदे लावायचे. पण पडदा काचेच्या आत असतो; ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं: उभ्या आडोशाच्या पट्ट्या, बाहेरून जाळी, बांबूची चटई, बाल्कनी किंवा झाड.

चांगला वास्तुरचनाकार पश्चिमेला जिना, लिफ्ट, बाथरूम, कपाटं ठेवतो आणि झोपायच्या खोल्या वाचवतो. कागदावर ही एक रेघ असते आणि तिला खर्च नसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की ग्रीन बिल्डिंगचा पहिला निर्णय नकाशाच्या पहिल्या दिवशी होतो. सोलर पॅनेल नंतर कधीही लावता येतं, पण बेडरूमची दिशा बदलता येत नाही.

भिंत कशाची आहे?

भिंतीतून उष्णता किती जाते हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता पार होते, तो हा आकडा. जितका कमी तितकं चांगलं. सहा इंची आरसीसी भिंतीचा साधारण साडेतीन, प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा साधारण दोन, आणि आठ इंची सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकचा, एकाच्याही खाली.

आता नव्या टॉवरमध्ये मायव्हन पद्धतीचं चलन आहे. ॲल्युमिनियमचं शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्यानं होतं, भिंत मजबूत असते, गळती कमी होते. पण दहा चौरस मीटरची पश्चिमेची भिंत आरसीसीची असेल आणि बाहेर-आत दहा अंशांचा फरक असेल, तर तिच्यातून साडेतीनशे वॅट उष्णता सतत आत येते. सिपोरेक्सची असती तर ऐंशीच्या आसपास. अशा भिंतीला मे महिन्यात रात्री दहा वाजता आतून हात लावून पाहा, ती अजून कोमटच असते. सूर्य तीन तासांपूर्वी मावळलेला असतो. मायव्हन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मायव्हन करून ‘ग्रीन’ म्हणायचं असेल तर पश्चिम आणि दक्षिण भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर हवा, आणि तो आहे का हे विचारायला हवं.

इको निवास संहितेनं यासाठी एकच आकडा दिला आहे. भिंती, खिडक्या, काचा, छज्जे या सगळ्यांचा मिळून हिशेब करायचा आणि इमारतीच्या बाह्यांगाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते ते काढायचं. त्याला आरईटीव्ही म्हणतात आणि त्याची मर्यादा १५ वॅट आहे. सेल्स ऑफिसात हा प्रश्न विचारला तर बहुधा शांतता पसरेल. तरीही विचारा. आर्किटेक्टकडे उत्तर असतं.

विटांबद्दल नाशिकला एक सोय आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून राख निघते आणि त्या राखेच्या विटा आसपास सहज मिळतात. लाल विटेसाठी शेताची माती खणावी लागते आणि भट्टी पेटवावी लागते. राखेची वीट भट्टीत भाजत नाहीत. पीपीसी सिमेंटमध्येही १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढं भट्टीतलं सिमेंट वाचतं. गोणीवर ‘पीपीसी’ छापलेलं असतं. स्वतःचा बंगला बांधणाऱ्यानं गोणी उतरताना एवढं वाचलं तरी काम झालं.

पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे गार का लागतात याचं उत्तरही इथेच आहे. हात-दोन हात जाड भिंती दिवसभराची उष्णता पोटात ठेवतात आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. मग चौकातून गार हवा खेळते. नाशिकच्या रात्री दिवसापेक्षा बऱ्याच गार असतात, म्हणून हे जमतं. आज दोन हातांची भिंत परवडणार नाही, पण समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या परवडतात. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा शिरत नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते.

पाणी: टाकीपेक्षा फ्लशकडे बघा

गंगापूर धरण १९६५ पासून या शहराला पाजतं आहे. शहर तेव्हाच्या कितीतरी पट झालं, आणि जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की नाशिकमध्ये काय होतं ते सांगायला नको. अशा शहरात पाण्याचे गुण सगळ्यात बारकाईनं पाहायला हवेत.

बारा फ्लॅटची एक इमारत घेऊ. प्रत्येक घरी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड. रोजची गरज साडेसहा हजार लिटरच्या आसपास. गच्ची ३०० चौरस मीटर, पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरू, त्यातला ८० टक्के हाती लागला तर वर्षाचं एक लाख ६८ हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे इमारतीची २६ दिवसांची गरज.

आता फ्लश. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. माणूस दिवसाला पाचदा वापरतो असं धरलं तर पन्नास लिटर. दोन बटणांची टाकी मोठ्या बटणाला सहा आणि छोट्याला तीन लिटर सोडते. एकदा मोठं, चारदा छोटं, झाले अठरा. माणशी ३२ लिटर वाचले, घरटी १२८. बारा घरांचे वर्षाला साडेपाच लाख लिटरहून जास्त. गच्चीवरच्या सगळ्या पावसाच्या तिप्पट पाणी एका बटणानं वाचतं. ब्रोशरमध्ये मात्र रेन वॉटर हार्वेस्टिंगचा फोटो असतो, फ्लशच्या टाकीचा कधीच नसतो.

पाऊस जिरवू नये असा याचा अर्थ नाही. फक्त तो नाशिकच्या जमिनीत नीट जिरवायला हवा. आपल्याखाली काळा पाषाण आहे. मुरमाचा थर संपला की खडक, आणि पाणी त्याच्या फटींतूनच खाली जातं. त्यामुळे कुठेतरी कोपऱ्यात खड्डा करून खडी भरली की झालं, असं होत नाही. पाणी गाळणीतून बोअरमध्ये सोडावं लागतं, पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं घाण पाणी बाहेर काढायची सोय लागते, आणि दर जूनआधी गाळणी साफ करावी लागते. बांधकामाचा राडारोडा भरलेले शोषखड्डे शहरात कितीतरी दिसतात. दाखला मिळाला त्या दिवशी तेही साफच होते.

आक्षेप पहिला: हा सगळा कागदी खेळ नाही का?

काही प्रमाणात, हो. मानांकन बहुतांशी इमारत कशी वागेल याच्या अंदाजावर असतं, ती प्रत्यक्षात कशी वागली यावर नाही. संगणकावर वीज वाचते आणि प्रत्यक्ष बिलात ती दिसत नाही, ही तक्रार जगभर आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. बिल्डर यंत्रणा बसवून देतो, सोसायटी ताब्यात घेते. मग ऑपरेटरचा पगार, वीज, दुरुस्ती यांचा खर्च पाहून दोन वर्षांत केंद्र बंद पडतं आणि खोलीत भंगार सामान साठतं. गुण मात्र कायम राहतात.

याला उत्तर आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोची कार्यालयीन इमारतींसाठीची तारांकन योजना २००९ पासून आहे. ती प्रत्यक्ष वीजवापर मोजते, वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट. घरांच्या सोसायट्यांनीही असाच हिशेब ठेवावा. सामायिक वीजबिल आणि टँकरची संख्या वार्षिक सभेत मांडली की इमारत किती हिरवी आहे ते कळतं.

आक्षेप दुसरा: फ्लॅट महाग होतो

कुठल्या गोष्टीनं महाग होतो ते वेगळं करा. दिशा, छज्जा, समोरासमोर खिडक्या, फिकट रंग यांना जवळजवळ खर्च नाही. दोन बटणांचे फ्लश आणि नळाच्या तोंडाला पाण्याची धार कमी करणारी जाळी यांचा खर्च किरकोळ. उष्णतारोधक थर, चांगल्या काचा, शुद्धीकरण केंद्र यांना पैसे लागतात. दाखल्याची फी, सल्लागार आणि कागदपत्रं यांनाही लागतात, आणि लहान प्रकल्पाला तो बोजा वाटतो. जादा एफएसआयमुळे बिल्डरला त्यातलं बरंच परत मिळतं, हे भाव ठरवताना लक्षात असू द्या.

आक्षेप तिसरा: झाडं तोडून बांधलेली इमारत हिरवी कशी?

तपोवनातल्या झाडांवरून नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच विचारला जातो. प्रश्न बरोबर आहे. मानांकनात जागेवरची झाडं वाचवण्याला गुण आहेत, पण ते अनेक बाबींपैकी एका बाबीचे. ते गेले तरी दुसरीकडून भरून काढता येतात. मला ही पद्धतीतली खरी उणीव वाटते. जुन्या वडाची सावली पश्चिमेच्या भिंतीवर पडत असेल तर ती कुठल्याही काचेपेक्षा उपयोगी असते आणि नव्या रोपाला तिथवर पोहोचायला एक पिढी लागते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे, तो आधार घेता येतो. आणि लॉनला फसू नका. ती डोळ्यांना हिरवी दिसते, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पाणी तीच पिते. कडुनिंब, करंज, बहावा यांना एकदा मूळ धरलं की पाइप लागत नाही.

सहीआधी काय मागायचं?

दाखल्याची प्रत मागा आणि तिच्यावर प्री-सर्टिफाइड आहे की अंतिम, कुठल्या संस्थेचा, कुठल्या साली, कुठल्या इमारतीचा हे वाचा. एकाच प्रकल्पात ‘ए’ विंगला दाखला आणि ‘डी’ विंगला नाही, असंही असतं. मानांकन झालेल्या प्रकल्पांची माहिती या संस्था आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, तिथे नाव पडताळता येतं. मग विषयवार गुणांचा तक्ता मागा. ऊर्जा आणि पाणी हे दोन रकाने आधी बघा.

बोललेलं करारात लिहून घ्या. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, किंवा प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणून ते हिरवं पान छापलेलं माहितीपत्रक टाकून देऊ नका. खोट्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नुसतं ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ म्हणून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो.

आणि ज्यांचं घर आधीच बांधून झालंय?

नाशिकमधले बहुतेक लोक सिडकोत, इंदिरानगरात, नाशिकरोडला, जेलरोडला जुन्या इमारतींत राहतात. त्यांना कुणी प्लॅटिनम देणार नाही, पण बदल त्यांच्याही हातात आहेत. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीपासून सुरुवात करावी. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग स्लॅबचं तापणं बरंच कमी करतो. साधा चुनासुद्धा एक उन्हाळा काढतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर दिवसाला दोन युनिट वाचतात.

सोलरसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. हाउसिंग सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. एक किलोवॅटला गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. सामायिक मीटरचं बारा महिन्यांचं बिल काढा, त्यावरून किती किलोवॅट हवं ते ठरवा आणि ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. मात्र गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी उरका. एकदा पॅनेलचे पाय रोवले की खालची गळती काढायला सगळा सांगाडा उचलावा लागतो.